ऑम्निबस घ्यावा की ॲब्सोल्यूट?

मोठ्या आकाराच्या, पुठ्ठाबांधणीच्या कॉमिक आवृत्त्या जमवायला लागलं की मालिका कुठली घ्यायची हे मनात केव्हाच ठरलेलं असतं. गाडी अडते ती आवृत्तीच्या घाटापाशी. एकच मालिका हजारभर पानांच्या ऑम्निबसमध्ये मिळते आणि स्लिपकेसमधल्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या पेटीतल्या, उंच ॲब्सोल्यूटमध्येही. दोन्ही ठेवण्याइतकी जागा बहुतेकांच्या कपाटात नसते. मी सुरुवात ऑम्निबसने केली आणि बरीच वर्षं तेच घेत राहिलो. आता नवीन काही घ्यायचं झालं की हात आधी ॲब्सोल्यूटकडे जातो. तुमचाही तिकडेच जावा असा आग्रह नाही, कारण ज्या एका त्रासापायी माझं मत बदललं तो तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही.

नावाचा एक घोळ आधीच निस्तरतो. 'ॲब्सोल्यूट' हे डीसी या अमेरिकन कॉमिक प्रकाशकाच्या आवृत्तीचं नाव. २०२४ पासून डीसीने याच नावाने नव्या मासिक मालिकाही सुरू केल्या आहेत. त्यांचा इथे संबंध नाही. इतर प्रकाशकांच्या उंच, रुंद, मोजक्या पानांच्या आवृत्त्याही मी याच जातीत धरतोय.

ऑम्निबसने मला जे दिलं ते कमी नाही. मार्व्हलने २००५ मध्ये 'फँटॅस्टिक फोर'चा पहिला ऑम्निबस काढला, त्यात पहिले ३० अंक, पहिला वार्षिक अंक आणि वाचकांच्या पत्रांची पानंसुद्धा आली. ही पत्रं सुरुवातीला मी उलटून पुढे जायचो. नंतर लक्षात आलं की तीन महिन्यांपूर्वीच्या अंकावर त्या काळचे वाचक काय म्हणत होते हे कळलं तर पुढचा अंक वेगळाच लागतो. सलग वाचताना आणखी एक गोष्ट दिसते. पेन्सिल चित्रकार जॅक कर्बीचीच, पण शाई चढवणारा हात बदलला की अख्खं पान बदलतं. २८व्या अंकापासून चिक स्टोनची शाई येते आणि रेघ एकदम ठसठशीत, स्वच्छ होते. सुटे अंक वेगवेगळ्या वेळी वाचून हे मला कधी दिसलं नसतं. एका बैठकीत सात-आठ अंक वाचले, तेव्हा दिसलं. एखाद्या मालिकेचा अख्खा प्रवास हवा असेल, तर ऑम्निबसला तोड नाही.

आता पानाचा आकार. मापांचे तक्ते सगळीकडे मिळतात, मी फक्त एक हिशेब सांगतो. नेहमीच्या अंकाच्या तुलनेत ऑम्निबसचं पान क्षेत्रफळाने साधारण सहाव्या हिश्श्याने मोठं असतं. ॲब्सोल्यूटचं जवळपास दीडपट. हा फरक ऐकताना वाटतो त्याहून डोळ्यांना मोठा वाटतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकन कॉमिकची मूळ चित्रं साधारणपणे ११ × १७ इंचांच्या कागदावर काढली जात आली आणि छापताना ती आक्रसून मूळच्या दोन तृतीयांशाच्या आसपास उरायची. चेहऱ्याच्या सावलीत काढलेल्या बारीक आडव्या-उभ्या रेघा लहान पानावर एकमेकींत मिसळून काळा डाग होतात. ॲब्सोल्यूटमध्ये त्याच सावलीतली एकेक रेघ सुटी दिसते. ऑम्निबसमध्ये डाग थोडा मोठा होतो, पण डागच राहतो. हे माझ्या डोळ्यांचं मत आहे, भिंग लावून मी काही मोजलेलं नाही.

तरी निव्वळ आकारासाठी मी बाजू बदलली नसती. बदलली ती दोन पानांच्या मधल्या घळीमुळे.

मला फार आवडणाऱ्या एका मालिकेत शेवटाकडे एक जोडपान आहे. बऱ्याच ताटातुटीनंतर दोन पात्रं समोरासमोर येतात, डाव्या पानावरून एक हात पुढे येतो, उजव्या पानावरून दुसरा, आणि बोटांची टोकं बरोबर मधोमध भेटतात. सुट्या अंकात ते पान मी कितीदा तरी पाहिलं होतं. सुट्या अंकाला दोन पिना असतात, अंक सपाट पडतो, चित्र अखंड दिसतं. पुढे ऑम्निबस आला. जाड, देखणा, वेष्टणावर तेच चित्र. घरी आणल्याबरोबर मी ते पान काढलं तर दोन मनगटं दिसत होती आणि बोटं घळीत गेली होती. पुस्तक तिरकं धरलं, दिव्याकडे नेलं, शेवटी टेबलावर ठेवून तळव्याने मध्ये दाबलं. कण्यातून कट्ट असा बारीक आवाज आला. बोटं तरीही दिसली नाहीत. त्या जागी दोन जुजांमधला, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या दोन गड्ड्यांमधला, डिंक मात्र सुटला. आजही ते पुस्तक आपसूक तिथेच उघडतं.

हे एकाच प्रतीचं दुर्दैव म्हणून मी सोडून दिलं असतं, पण मग बाकीचे ऑम्निबस काढून पाहिले. जुजबांधणी असली तरी जुजाच्या मधल्या पानावर, जिथे दोरा दिसतो, तिथेच पुस्तक खरं सपाट उघडतं. दोन जुजं जिथे भेटतात तिथे घळ खोल असते. त्यात हजार पानांचा ठोकळा आणि ताठ आर्ट पेपर. पुस्तकाच्या पहिल्या आणि शेवटच्या शंभर पानांत तर एका बाजूचं वजन दुसऱ्या बाजूला उचलून धरतं आणि पान वळूनच राहतं. आतल्या बाजूच्या संवादाच्या फुग्यांमधले ओळीच्या शेवटचे शब्द वाकून वाचावे लागतात. नुसत्या डिंकावर चिकटवलेली प्रत असेल तर विचारूच नका.

ज्या मालिकेत प्रत्येक पान आपापल्या चौकटींत राहतं तिथे याने फारसं बिघडत नाही. पण काही चित्रकार समोरासमोरची दोन पानं एकच कागद समजून रचना करतात. 'वॉचमेन'च्या पाचव्या अंकाची मांडणी आरशासारखी आहे: पहिलं पान शेवटच्याशी जुळतं, दुसरं त्याच्या आधीच्याशी, आणि आरशाची रेघ मधल्या जोडपानाच्या बरोबर घळीत पडते. जे. एच. विल्यम्स तिसरा याने 'प्रोमेथिया'त जवळजवळ सगळी गोष्ट जोडपानांतून सांगितली. बाराव्या अंकाची पानं एकापुढे एक लावली तर एकच लांब चित्र होतं, आणि शेवटच्या बत्तिसाव्या अंकाची पानं सुटी करून जोडली की मोठं पोस्टर तयार होतं. अशा कामात दर दोन पानांनी बोटभर चित्र गिळलं जात असेल तर आपण नेमकं काय वाचतोय, असं मला वाटत राहतं.

ज्या मालिकेबद्दल सांगितलं, तिची मोठी आवृत्ती काही वर्षांनी आली. पानं निम्म्याहून कमी, कागद जरा मऊ. तेच जोडपान उघडलं. बोटांची टोकं एकमेकांना टेकलेली होती, मधून शिलाईचा पांढरा दोरा गेला होता एवढंच. मी बराच वेळ ते पान मिटलं नाही.

ॲब्सोल्यूटची बाजू घेताना त्याचे दोषही सांगायला हवेत. नाव ॲब्सोल्यूट असलं म्हणजे घळ उथळच, असं नाही. 'सँडमन'च्या पहिल्या ॲब्सोल्यूटला सहाशेहून जास्त पानं आहेत, आणि तिथेही मधे जरा दाबावंच लागतं. उलट डार्क हॉर्स या प्रकाशकाच्या 'हेलबॉय'च्या लायब्ररी आवृत्तीत, जी २००८ पासून येऊ लागली, एका खंडात जुने दोनच कथासंग्रह घेतले आहेत. पान ९ × १२ इंचांचं, स्लिपकेस नाही, आणि मांडीवर घेतलं तरी आरामात उघडतं. उघडण्याच्या बाबतीत माझ्याकडचं सर्वांत सुखाचं पुस्तक तेच. तेव्हा खरा दोष जाडीचा आहे. ॲब्सोल्यूट बहुधा पातळ असतात म्हणून जिंकतात.

स्लिपकेसचा मला व्याप वाटतो. पेटी घट्ट असेल तर आतली हवा पुस्तक धरून ठेवते, आणि उलटं करून हलवलं की कोपरा आपटतो. रुंद कापडी फीत पुस्तकाभोवती घालून तिचं टोक बाहेर ठेवलं की पुस्तक अलगद ओढता येतं. उंचीमुळे नेहमीच्या फळीत ॲब्सोल्यूट मावत नाहीत, माझे आडवे असतात, एकावर एक तीनच. ऑम्निबसला वेगळं दुखणं आहे. उभा ठेवला की पानांचा ठोकळा स्वतःच्या वजनाने पुढच्या बाजूने खाली ओघळतो आणि वरच्या टोकाला बांधणी ताणली जाते. पुठ्ठ्याच्या कडेइतक्या जाडीची पट्टी कापून ठोकळ्याखाली सरकवली की तो टेकून राहतो. हे मी उशिरा शिकलो.

रंगांबद्दल थोडक्यात. जुनी चार रंगी छपाई खरखरीत कागदासाठी होती. तो कागद शाई पिऊन रंग मवाळ करायचा. तेच सपाट रंग पांढऱ्याशुभ्र आर्ट पेपरवर भडक दिसतात, आणि हे दोन्हीकडे घडतं. ॲब्सोल्यूटमध्ये यावर काम झाल्याची उदाहरणं आहेत. 'वॉचमेन'च्या २००५ च्या आवृत्तीसाठी मूळ रंगकार जॉन हिगिन्स यांनी रंग पुन्हा केले, 'सँडमन'च्या २००६ च्या पहिल्या खंडात पहिले १८ अंक नव्याने रंगवले गेले. ज्यांचं मन मूळ रंगांत अडकलं आहे त्यांना हे खटकू शकतं. मला 'सँडमन'मध्ये सुधारणा वाटली.

आर्टिस्ट एडिशनही याच यादीत घ्या असं कोणी सुचवेल. त्यांची सुरुवात २०१० मध्ये आयडीडब्ल्यू या प्रकाशकाच्या 'रॉकेटिअर'ने झाली, आणि मागे संपादक स्कॉट डनबियर होते, ज्यांनी आधी डीसीच्या वाइल्डस्टॉर्म या शाखेत ॲब्सोल्यूटचा घाट घडवला. मूळ चित्रफलक त्याच आकारात, रंगीत स्कॅन करून छापलेले: पांढऱ्या रंगाने खोडलेली रेघ, निळ्या पेन्सिलीच्या खुणा, समासातल्या सूचना, सगळं दिसतं. चित्र काढणाऱ्याने एक तरी जवळ ठेवावी. पण गोष्ट वाचायला कोणी ती उघडत नाही, त्यामुळे या निवडीत ती बसत नाही.

तर साठ-सत्तरच्या दशकांतली लांबलचक मालिका, पानावर सहा-नऊ नेटक्या चौकटी, पत्रांसकट सगळं क्रमाने वाचायची ओढ, आणि टेबलावर बसून वाचायची सवय असेल, तर ऑम्निबसच घ्या. मीही तशा मालिका त्यातच ठेवल्या आहेत. नवा आणल्यावर लगेच मधोमध उघडू नका. पुढून थोडी पानं, मग मागून थोडी, असं करत मध्यापर्यंत या, म्हणजे कणा हळूहळू सैल होतो. एक धोका मात्र आहे. ऑम्निबसची छपाई संपली की पुन्हा कधी होईल सांगता येत नाही, आणि दुसरा खंड हाती असून पहिला मिळत नाही अशी वेळ माझ्यावर दोनदा आली.

चित्रासाठी वाचत असाल, जोडपानांवर थांबत असाल, तर मी ॲब्सोल्यूटसाठी थांबेन, दोन वर्षं लागली तरी. आणि कुठलीही आवृत्ती घेण्याआधी त्या मालिकेतलं आपलं सगळ्यात लाडकं जोडपान मनात आणा. ज्याच्याकडे ती आवृत्ती आहे त्याला तेच पान उघडून, न दाबता, वरून फोटो काढून पाठवायला सांगा.