क्रोम डेव्हटूल्स: रोज उघडलं जाणारं, अर्धंच वापरलं जाणारं अवजार

क्रोममध्ये एफ १२ दाबलं की उघडणारी, वेब पान तपासण्याची डेव्हटूल्स ही खिडकी फुकट आहे, वेगळी डाउनलोड करावी लागत नाही आणि वेबवर काम करणारे बहुतेक जण ती दिवसभर उघडीच ठेवतात. तरी अनेकांचा वापर कन्सोलमधल्या लाल ओळी वाचणं आणि एलिमेंट्समध्ये मार्जिन कमी-जास्त करून बघणं, एवढ्यावरच थांबतो. या अवजाराची खरी किंमत अंदाज बांधण्याआधी तपासून बघण्याची सवय लागते तेव्हा कळते. म्हणून इथे फीचर्सची यादी न देता, कुठलं पॅनेल कुठल्या दुखण्यावर उघडायचं आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा, ते सांगतो.

२००६ साली प्रोग्रामर जो हेविट यांनी फायरफॉक्ससाठी फायरबग हे असंच तपासणीचं अवजार आणलं. त्याआधी पानावर अलर्ट टाकून व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बघणं हीच अनेकांची रीत होती. २००८ मध्ये क्रोम आलं ते वेबकिट या ब्राउझर इंजिनचा इन्स्पेक्टर सोबत घेऊनच. फायरबगचं काम २०१७ मध्ये थांबलं, पण त्याने घालून दिलेली मांडणी आजही सगळ्या ब्राउझरांत ओळखू येते.

सगळ्यात आधी शिकावं ते नेटवर्क पॅनेल. पानाने सर्व्हरकडे पाठवलेली प्रत्येक मागणी, म्हणजे रिक्वेस्ट, तिथे दिसते. ‘साइट चालत नाही’ अशी तक्रार आली की थेट कोड उघडू नये. नेटवर्क उघडून ‘प्रिझर्व्ह लॉग’ आणि ‘डिसेबल कॅश’ या दोन्ही खुणा लावाव्यात आणि पान पुन्हा लोड करावं. प्रिझर्व्ह लॉग नसेल तर लॉगिननंतर पान दुसरीकडे वळताच आधीच्या रिक्वेस्ट पुसल्या जातात, आणि नेमकी फसलेली रिक्वेस्ट त्यांतच असते. डिसेबल कॅश डेव्हटूल्स उघडं असेपर्यंतच लागू असतं, हेही ध्यानात ठेवावं. ‘माझ्याकडे नवीन बटण दिसतंय, क्लायंटकडे जुनंच’ या वादाचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. क्लायंटच्या ब्राउझरने जुनी सीएसएस कॅशमधून, म्हणजे स्वतःकडे साठवलेल्या प्रतींमधून, उचललेली असते. फाइलच्या नावात आवृत्तीचा हॅश, म्हणजे फाइल बदलली की बदलणारी खूण, घातला की हा वाद मिटतो. ‘कंट्रोल एफ ५ करा’ असं प्रत्येकाला फोनवर सांगत बसणं हा उपाय नव्हे.

रिक्वेस्टवर क्लिक करून टायमिंगचा टॅब उघडला की वेळ कुठे गेला ते कळतं. सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात वेळ गेला असेल तर दोष बॅकएंडकडे आहे: डेटाबेसची क्वेरी, इंडेक्स नसणं वगैरे. कंटेंट डाउनलोडमध्ये गेला असेल तर फाइल जड आहे. चित्र लहान करा, कॉम्प्रेशन चालू आहे का बघा. आणि रिक्वेस्ट रांगेतच ताटकळत असेल तर सर्व्हर अजून एचटीटीपी १.१ वर आहे का ते पाहावं, कारण त्यात क्रोम एका होस्टला एका वेळी ६ जोडण्याच देतो. तिन्हींचं औषध वेगळं आहे. ही फोड न बघता फ्रंटएंडवाल्याने चित्रं लहान करत बसणं आणि बॅकएंडवाल्याने सर्व्हर वाढवत बसणं, दोन्ही वायाच जातं.

कॉर्सच्या, म्हणजे एका साइटच्या पानाला दुसऱ्या साइटचं उत्तर वाचू द्यायचं की नाही या ब्राउझरच्या नियमाच्या, लाल ओळीनेही असाच वेळ खाल्ला जातो. ती दिसली की सगळे जण सर्व्हरच्या उत्तरासोबत येणारे हेडर (माहितीच्या ओळी) बदलायला धावतात. पण आधी नेटवर्कमध्ये त्या रिक्वेस्टचा स्टेटस बघावा. तिथे ५०० किंवा ५०२ असेल तर खरी चूक सर्व्हरवर आहे. सर्व्हर कोसळला किंवा मधल्या प्रॉक्सीने स्वतःचं एररचं पान पाठवलं, त्या पानाला कॉर्सचा हेडर नव्हता, म्हणून ब्राउझरने कॉर्सची ओरड केली. मूळ चूक दुरुस्त झाली की ही ओळ आपोआप जाते. ऑप्शन्स प्रकारची प्रीफ्लाइट रिक्वेस्ट, म्हणजे खऱ्या रिक्वेस्टआधी ब्राउझरने परवानगी विचारायला पाठवलेली, फसली असेल तर मात्र खरोखर हेडरकडे वळावं. ऑथेंटिकेशनचं मिडलवेअर प्रीफ्लाइटलाही टोकन मागतंय का, हे तिथे पहिल्यांदा तपासावं.

बॅकएंडच्या सहकाऱ्याला स्क्रीनशॉट पाठवण्यापेक्षा रिक्वेस्टवर राइट क्लिक करून ‘कॉपी ॲज कर्ल’ने मिळणारी टर्मिनलची आज्ञा पाठवलेली केव्हाही बरी. त्याच्या टर्मिनलवर तीच रिक्वेस्ट, त्याच हेडरसकट पुन्हा चालवता येते. फक्त त्यात कुकी आणि टोकनही जातं. ते पुसल्याशिवाय कंपनीच्या ग्रुपवर टाकू नये.

कन्सोलमध्ये एक जुना फसवा भाग आहे, आणि तो अनुभवी लोकांनाही चकवतो. ऑब्जेक्ट लॉग करून नंतर बाण दाबून उघडला तर आत दिसतात त्या किमती उघडण्याच्या क्षणाच्या असतात, लॉग झाला त्या क्षणाच्या नव्हेत. बाजूचं छोटं ‘आय’ चिन्ह हेच सांगतं, पण तिकडे लक्ष जात नाही. त्या क्षणाचीच किंमत हवी असेल तर ऑब्जेक्टची प्रत करून किंवा जेसन स्ट्रिंग बनवून लॉग करावी. शिवाय लॉग केलेली वस्तू कन्सोल धरून ठेवतो, मेमरी मोकळी होत नाही. मेमरी गळती शोधताना कन्सोल आधी साफ करावा, नाहीतर जी गळती दिसेल ती आपणच केलेली असेल.

लॉगच्या ओळी कोडमध्ये टाकायच्या आणि त्या काढायला विसरायचं, ही सवय सोर्सेस पॅनेलमधले लॉगपॉइंट सोडवतात. ओळीच्या क्रमांकावर राइट क्लिक करायचं, लॉगपॉइंट निवडायचा, व्हेरिएबलचं नाव लिहायचं. फाइलला हात न लावता लॉग मिळतो. २०० ओळींच्या यादीत एकाच ग्राहकाची नोंद चुकत असेल तर सशर्त ब्रेकपॉइंट (अट जुळली तरच कोड थांबवणारी खूण) लावून तेवढ्याच आयडीवर थांबता येतं. आणि कोणता कोड एखादा घटक गपचूप बदलतोय ते सापडत नसेल तर एलिमेंट्समध्ये त्या घटकावर राइट क्लिक करून ‘ब्रेक ऑन’मधून ॲट्रिब्यूट किंवा आतली मांडणी बदलण्यावर ब्रेक लावावा. दुसऱ्याने लिहून सोडून दिलेल्या जेक्वेरीच्या जंगलात याच्याइतकं उपयोगी काही नाही.

आता मराठी साइट बनवणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण इंग्रजी पानांवर बसलेला हात इथे हमखास चुकतो. एलिमेंट्समध्ये मराठी परिच्छेद निवडून कम्प्युटेड टॅबच्या तळाशी जावं. तिथे ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ या मथळ्याखाली प्रत्यक्षात कोणता फॉन्ट वापरला गेला, तो नेटवर्कवरून आला की मशीनमधला, आणि किती ग्लिफ (अक्षराकृती) त्याचे आहेत, हे लिहिलेलं असतं. सीएसएसमध्ये कुठल्याही फॉन्टचं नाव असू दे, त्यात देवनागरी नसेल तर विंडोजवर निर्मला यूआय दिसणार आणि अँड्रॉइडवर नोटो. एकाच वाक्यातले इंग्रजी शब्द आणि मराठी शब्द दोन वेगळ्या जाडीचे दिसत असतील तर कारण हेच. मुक्त, बालू किंवा हिंद यांत देवनागरी आहे. पण फॉन्टच्या फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवताना फक्त लॅटिनची फाइल उचलली जाते आणि देवनागरीची राहून जाते. रेंडर्ड फॉन्ट्समध्ये दोन नावं दिसली की हा घोळ लगेच लक्षात येतो.

तिथेच स्टाइल्समध्ये लेटर-स्पेसिंग शोधावं. इंग्रजी मथळ्याला अर्धा पिक्सेल मोकळीक शोभून दिसते; तीच देवनागरीवर लागली की शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटते. खूण काढून बघितली की रेषा लगेच जुळते. लाइन-हाइट १.२ च्या आसपास आणि त्यावर ओव्हरफ्लो हिडन असेल तर वरचे रफार आणि वेलांट्या, खालचे उकार कापले जातात. बटणांवर आणि कार्डांच्या मथळ्यांवर हे जास्त दिसतं. मजकुराला १.६ च्या पुढेच सुरुवात करावी. पानाच्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये ‘एम आर’ आहे ना, तेही बघावं. ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं भरलेली असतात, तिथे ‘एम आर’ लिहिलं नसेल तर हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात.

कंट्रोल, शिफ्ट आणि एम दाबून येणारा मोबाइलचा देखावा रोजच्या कामाला चांगला आहे, पण तो फक्त देखावा आहे. पडद्याचा आकार, पिक्सेलची घनता, स्पर्श आणि ब्राउझरची ओळख एवढंच तो बदलतो. आयफोन निवडला तरी आत इंजिन क्रोमचंच असतं. सफारीतली चूक इथे दिसणार नाही. ऑनस्क्रीन कीबोर्ड वर येत नाही, त्यामुळे फॉर्मचं खालचं बटण कीबोर्डमागे लपतंय का ते कळत नाही. सीपीयूचा वेग ४ किंवा ६ पट कमी करता येतो, पण तो आपल्या लॅपटॉपच्या तुलनेत. वेगवान लॅपटॉपचा चौथा हिस्सा हा स्वस्त फोनपेक्षा जलदच असू शकतो. नेटवर्कचा वेग कमी करण्याची सोयही उशीर घालते आणि वेग दाबते. पारसिक बोगद्यात जोडणी तुटून परत येते तेव्हा ॲप काय करतं, हे तपासायला ऑफलाइनवर टाकून, रिक्वेस्ट अर्ध्यात असताना, हाताने चालू-बंद करावं लागतं.

म्हणून खरा फोन जोडावाच. अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबल लावायची आणि क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावर फोन दिसतो का बघायचं. दिसत नसेल तर बहुतेक वेळा केबल फक्त चार्जिंगची असते, किंवा फोनवर परवानगीचा प्रश्न उत्तराची वाट बघत असतो. तिथेच पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये ३००० हा पोर्ट टाकला की लॅपटॉपवरची लोकलहोस्ट साइट फोनवर उघडते.

लाइटहाउस हे पानाला गुण देणारं पॅनेल; त्याच्या गुणांवरून क्लायंटशी करार करू नये. एक्स्टेन्शन चालू असतील, मागे दुसरी कामं चालू असतील तर गुण हलतात. इनकॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शन बंद ठेवून तीन-चार वेळा चालवावं आणि मधला आकडा धरावा. गुणांपेक्षा तीन मापं जास्त बोलकी: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसणं, स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद, आणि मांडणीचं हलणं ०.१ च्या आत. प्रतिसादाचं माप, म्हणजे आयएनपी, मार्च २०२४ मध्ये एफआयडी (फर्स्ट इनपुट डिले) या जुन्या मापाच्या जागी आलं. जुनी मार्गदर्शनं वाचताना हा बदल लक्षात असू द्यावा.

खोट काढायची तर पहिली ही, की स्टाइल्समध्ये केलेले बदल रिफ्रेश होताच जातात. अर्धा तास रंग आणि अंतरं जुळवल्यावर हे होणं फार जिवाला लागतं. रिफ्रेशआधी ‘चेंजेस’ टॅबमधून बदल उचलावेत, किंवा ओव्हरराइड्स चालू करून एक फोल्डर द्यावा, म्हणजे ते टिकतात. दुसरी, पाठवलेली रिक्वेस्ट बदलून पुन्हा पाठवण्यासाठी फायरफॉक्समध्ये जागच्या जागी सोय आहे; क्रोममध्ये ती फेच (रिक्वेस्ट पाठवणारा जावास्क्रिप्ट कोड) म्हणून कॉपी करून कन्सोलमध्ये चिकटवावी लागते. एखादा सीएसएस नियम का लागू होत नाही हे सांगण्यात आणि फॉन्टच्या वेगळ्या पॅनेलमध्येही फायरफॉक्सने आधीपासून जास्त काळजी घेतली आहे. मांडणी आणि टायपोग्राफीवर दिवस जात असेल तर तो ब्राउझर शेजारी उघडा ठेवावा. डीबगिंग, परफॉर्मन्स आणि फोनवरच्या तपासणीसाठी मात्र पहिली पसंती क्रोमलाच.

नव्याने शिकणाऱ्याने पहिल्या आठवड्यात नेटवर्क, दुसऱ्यात सोर्सेसमधले ब्रेकपॉइंट, आणि मग स्वतःचा फोन केबलने जोडून काम करावं. परफॉर्मन्स आणि मेमरीची पॅनेल तोवर बंद राहिली तरी चालतील.