अश्वगंधा, कुहिली, मुसळी, गोखरू : काही महिन्यांच्या वापरानंतर

कामेच्छेसाठी या चारही वनस्पती मी एकेक करून घेतल्या, मिश्रण म्हणून नाही. एक संपली की मध्ये काही आठवडे काहीच नाही, मग पुढची. बहुतेकांचे अनुभव 'अमुक कॅप्सूल घेतली, मस्त फरक पडला' एवढ्यावर संपतात आणि त्या कॅप्सूलमध्ये सात-आठ वनस्पती असतात. मग कशाने काय झालं हे घेणाऱ्यालाही कळत नाही.

माझी तक्रार काय होती ते आधी सांगतो, नाहीतर पुढच्या सगळ्याला अर्थ नाही. वय चाळिशीच्या पुढे, लग्नाला बरीच वर्षं झालेली आणि इच्छाच आटलेली. शरीर साथ देत होतं, मनच तिकडे वळत नव्हतं. आडवं झालं की डोक्यात उद्याची कामं सुरू. इच्छा, ताठरता, टिकण्याचा वेळ आणि वीर्याची गुणवत्ता या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, पण विकणारे त्या एकाच डबीत, उधळलेल्या घोड्याच्या एकाच चित्राखाली विकतात. आपलं नक्की कशावाचून अडलंय हे ठरवलं नाही तर पैसे वाया.

आणि अडचण ताठरतेची असेल तर चूर्णाआधी डॉक्टर गाठा. लिंगातल्या रक्तवाहिन्या साधारण १ ते २ मिलिमीटर व्यासाच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. वाहिन्या आतून अरुंद व्हायला लागल्या की त्याची झळ आधी बारीक वाहिन्यांना बसते. म्हणून ही तक्रार बऱ्याचदा हृदयविकाराच्या लक्षणांच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसते. अशा माणसाने महिनोन्महिने मुसळी खात बसणं मला तरी धोक्याचं वाटतं. मी साखर, रक्तदाब, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) हे सगळं तपासून घेतलं, ठीक निघालं, मगच सुरुवात केली.

पहिली अश्वगंधा. सुरुवातीला मुळांचं चूर्ण, रात्री कोमट दुधातून. ग्रंथोक्त मात्रा ३ ते ६ ग्रॅम, मी खालच्या टोकाला राहिलो. चव कडवट, वास मातकट आणि काहीसा घोड्याच्या तबेल्यासारखा, तोही रोज झोपायच्या आधी! पुढे प्रमाणित अर्काच्या कॅप्सूलवर आलो, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कारण अभ्यासांत साधारण हीच मात्रा आठ आठवडे दिलेली असते. अर्क घेणार असाल तर तो फक्त मुळांचा आहे की त्यात पानंही आहेत, आणि विथॅनोलाइडचं, म्हणजे तिच्यातल्या मुख्य द्रव्यांचं, प्रमाण किती, हे डबीवर वाचा. लिहिलेलंच नसेल तर ती डबी नको.

पहिले काही आठवडे कामेच्छेत काडीचाही फरक नव्हता. बदलली ती झोप. मध्यरात्री जाग येऊन छताकडे बघत पडणं कमी झालं. मग चिडचिड कमी झाली. आणि त्याच्याही बऱ्याच नंतर, जवळजवळ लक्षात न येता, इच्छा परत यायला लागली. 'घोड्याचं बळ' वगैरे काही नाही, फक्त संध्याकाळी बायकोशी बोलताना डोकं दुसरीकडे नसायचं. वाजीकरण, म्हणजे कामशक्ती वाढवण्याचं शास्त्र, हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक, आणि चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा अख्खा दुसरा अध्याय त्याचाच आहे. पण त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात कशात काय श्रेष्ठ याची एक लांबलचक यादी येते. तिथे कामशक्ती वाढवणाऱ्यांत पहिला मान कुठल्याही मुळीला नाही, संकल्पाला, म्हणजे मनातल्या ओढीला आहे. आणि ती घालवणाऱ्यांत पहिलं दौर्मनस्य, म्हणजे मनाची खिन्नता. माझ्या बाबतीत अश्वगंधेने खिन्नतेवर काम केलं, बाकीचं आपोआप झालं असावं.

तिची दुसरी बाजूही आहे. सलग घेतल्यावर एका टप्प्याला मी जरा जास्तच शांत झालो. राग येईना तसा आनंदही जेमतेम. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही, पण असा सपाटपणा जाणवल्याचं सांगणारे बरेच भेटतात. थांबवल्यावर काही दिवसांत तो गेला. याशिवाय ती थायरॉइडची संप्रेरकं वाढवू शकते, आणि यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, कमी असल्या तरी आहेत. २०२३ मध्ये डेन्मार्कने तिच्यावर बंदीच घातली. गरोदरपणात तर अजिबात नको. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय हात लावू नका.

दुसरी कुहिली, म्हणजे खाजकुइलीचं बी, दुकानात 'कवचबीज'. शेंगेवरची कूस अंगाला लागली की माणूस वेडापिसा होतो, औषधात मात्र आतलं बी वापरतात, तेही दुधात शिजवून, साल काढून शुद्ध केलेलं. चौघांत खरी औषधासारखी वागलेली हीच. कारण साधं आहे : बियांत लेव्होडोपा असतं, बहुधा ४ ते ६ टक्के. पार्किन्सनच्या रुग्णांना देतात तेच द्रव्य. ५ ग्रॅम कच्च्या चूर्णात ४ टक्के धरलं तरी २०० मिलिग्रॅम झालं. शुद्धीकरणात ते घटतं आणि त्यातलं सगळं मेंदूपर्यंत पोचतही नाही, पण 'वनस्पती आहे, काय होणार' म्हणून चमच्याने खाण्याची ही चीज नाही.

फरक अश्वगंधेपेक्षा लवकर कळला. सकाळी उठताना उत्साह, कामात हुरूप, आणि इच्छेला पूर्वीची थोडी धार. सोबत मळमळही आली, विशेषतः उपाशीपोटी घेतली तर. रात्री घेतल्यावर स्वप्नं इतकी रंगीत आणि गुंतागुंतीची पडायला लागली की मी ती सकाळवर नेली. वंध्यत्व असलेल्या पुरुषांना रोज ५ ग्रॅम याप्रमाणे तीन महिने देऊन झालेल्या अभ्यासात टेस्टोस्टेरॉन वाढलं आणि प्रोलॅक्टिन (जास्त झालं की कामेच्छा दाबणारं संप्रेरक) उतरलं होतं. पण ते लोक मुळात आजारी होते. पातळी आधीच ठीक असलेल्याची आणखी चढेल असा त्याचा अर्थ नाही, माझीही चढली नाही. नैराश्याच्या काही गोळ्या, मानसिक आजाराची औषधं किंवा पार्किन्सनचे उपचार चालू असलेल्यांनी कुहिलीपासून लांबच राहावं.

सफेद मुसळी. खूप अपेक्षा होती, खूप महाग पडली, काही झालं नाही. वजन मात्र थोडं वाढलं, ते दुधामुळे असणार. हिच्यात भेसळ आणि अदलाबदलही फार. शतावरीच्या कुळातल्या एका वनस्पतीची मुळंही याच नावाने विकली जातात, आणि काळी मुसळी तर निराळीच वनस्पती आहे. मला मिळाली ती खरी होती की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्यामुळे तिच्यावर कायमचा शिक्का मारत नाही. पण पुन्हा घेणार नाही.

गोखरू, म्हणजे पायात रुतणारे सराटे. व्यायामशाळांत 'ट्रिब्युलस' नावाने याचा भारी बोलबाला, टेस्टोस्टेरॉन वाढतं म्हणून. माणसांवरच्या बहुतेक अभ्यासांत तसं वाढलेलं दिसत नाही. मला लघवीला जास्त वेळा जावं लागलं, एवढंच.

इथे एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९९८ मध्ये सिल्डेनाफिलचा, म्हणजे त्या प्रसिद्ध निळ्या गोळीतल्या औषधाचा, मोठा अभ्यास छापून आला. औषध घेणाऱ्यांचे ६९ टक्के प्रयत्न यशस्वी झाले, पण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचेही २२ टक्के झालेच. तेव्हा दहापैकी दोघांनी एखाद्या चूर्णाची तोंडभरून स्तुती केली तर ते खोटं बोलतायत असं नाही. माझ्या कुहिलीच्या अनुभवातही यातला वाटा असणारच.

मधल्या काळात एका मित्राच्या आग्रहाने एक 'शंभर टक्के आयुर्वेदिक' मिश्र कॅप्सूलही घेऊन पाहिली. कंपनीचं नाव सांगत नाही. तासाभरात परिणाम, आणि जोडीला तोंड लाल, नाक चोंदलेलं, डोकं ठणकतंय. ही लक्षणं सिल्डेनाफिल जातीच्या औषधांची ओळखीची लक्षणं आहेत. वर सांगितलेल्या वनस्पतींना आठवडे लागतात, तासाभरात असं काही होत नाही. कॅप्सूल तपासून घेतली नाही, तेव्हा माझा हा संशयच. पण संशय हवेतला नाही : अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात छुपी औषधं सापडलेली ७७६ पूरक उत्पादनं नोंदवली, त्यांतली जवळपास ४५ टक्के लैंगिक शक्तीची होती. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याच्या पोटात असलं काही गेलं तर रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं. लगेच परिणाम दाखवणारं 'नैसर्गिक' औषध मी आता त्यामुळेच जास्त संशयाने बघतो.

परदेशी नावंही बरीच विचारली जातात. पेरू देशाच्या उंच पठारावरचा माका हा कंद मी घेतलेला नाही. १.५ ते ३ ग्रॅम मात्रेत इच्छा वाढली पण टेस्टोस्टेरॉन तेवढंच राहिलं, असं एका अभ्यासात दिसलं होतं, ते मला पटण्यासारखं वाटतं. योहिंबे या आफ्रिकी झाडाच्या सालीच्या मात्र वाटेला जाऊ नका. धडधड, घबराट, रक्तदाब, सगळं मागे लागतं. युरोपीय संघाने २०१९ मध्ये खाद्यपदार्थांत तिच्यावर बंदी आणली ती उगाच नाही. नैराश्याच्या गोळ्यांमुळे इच्छा गेली असेल तर केशराबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. रोज ३० मिलिग्रॅम देऊन पुरुष आणि स्त्रिया दोघांवरही अभ्यास झालेत आणि निकाल बरे आहेत.

मूल हवं म्हणून घेणाऱ्यांनी महिन्याभरात तपासणी करून निराश होऊ नये. शुक्राणू तयार व्हायलाच साधारण ७४ दिवस लागतात, तेव्हा तीन महिन्यांआधीचा अहवाल औषधाबद्दल फारसं सांगत नाही.

सध्या माझ्याकडे फक्त अश्वगंधेचा अर्क चालू आहे, तोही काही महिने घेऊन मग पूर्ण बंद अशा बेताने, आणि थायरॉइड व यकृताची तपासणी अधूनमधून करून. कुहिली बंद आहे, पण गरज वाटली तर वैद्यांना विचारून कमी मात्रेत पुन्हा घेईन.