मुरुड की मालवण? चार दिवसांच्या सुट्टीसाठी

दोन्हीकडे समुद्रात उभा किल्ला आहे आणि पायाखाली वाळू. तरी मला विचाराल तर पोरांना घेऊन मालवणलाच जा.

सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. कुरटे बेटावर तीन वर्षांत महाराजांनी तो उभा केला. चहूकडे खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! पहिल्यांदा ते पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा डोळे भरून आले होते. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिरही इथेच आहे. गडावर आजही माणसं राहतात, त्यामुळे तो ओसाड वाटत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत याचं नाव आलं. संध्याकाळी तारकर्लीला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे बसावं, रात्री सुरमई आणि सोलकढी.

मुरुडचा जंजिरा वेगळा. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही. राजपुरीहून शिडाच्या होडीने निघालं की अगदी जवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजा दिसत नाही. कलालबांगडी तोफ पाहाच. समोर पद्मदुर्ग दिसतो, जंजिऱ्याला शह द्यायला महाराजांनी बांधलेला.

मुंबईहून मुरुड दीडशे किलोमीटरच्या आसपास, मालवण पाचशेच्या घरात. दोनच दिवस हाताशी असतील तर मुरुड. पावसाळ्यात मात्र दोन्हीकडच्या होड्या बंद असतात.