सर्व्हर-सेंट इव्हेंट्स: पावसाळ्यापासून माघापर्यंतचा अनुभव

दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. रिपोर्ट तयार झाला किंवा तातडीची तपासणी आली, की ते काउंटरच्या स्क्रीनवर आणि घरोघरी नमुने घेणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर लगेच दिसायला हवं. पूर्वी प्रत्येक स्क्रीन दर काही सेकंदांनी सर्व्हरला "नवीन काही आहे का?" असं विचारायची. पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, म्हणजे एसएसई, लावलं. यात स्क्रीन एकदाच कनेक्शन जोडून ते उघडं ठेवते आणि नवीन काही घडलं (इव्हेंट), की सर्व्हर आपणहून कळवतो.

दोन्ही बाजूंनी सतत बोलता येणाऱ्या कनेक्शनची, म्हणजे वेबसॉकेटची, गरज नव्हती. आमची बातमी एकाच दिशेने जाते. उलट दिशेने सर्व्हरला काही कळवायचं तर साधी पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे फॉर्म भरून पाठवतो तशी विनंती, पुरते.

एसएसईचं खरं मोल कनेक्शन तुटल्यावर कळतं. मुलं डोंबिवली-ठाण्याहून लोकलने येतात, वाटेत रेंज सारखी जाते. ब्राउझरमधली एसएसई ऐकणारी सोय, इव्हेंटसोर्स, आपणहून पुन्हा जोडली जाते आणि शेवटच्या मिळालेल्या इव्हेंटचा क्रमांक लास्ट-इव्हेंट-आयडी या हेडरमधून (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून) सर्व्हरला कळवते. त्यापुढचे राहिलेले इव्हेंट देणं मात्र सर्व्हरचं काम, ते आयतं मिळत नाही. आम्ही प्रत्येक इव्हेंट क्रमांकासह डेटाबेसमध्ये ठेवतो. मुसळधार पावसात गाड्या रखडायच्या तेव्हाही काउंटरवरच्या ताईंना "नमुना कुठवर आला?" असे फोन फिरवावे लागले नाहीत. मला यातलं हेच सगळ्यात जास्त आवडलं. फक्त ॲप बंद करून नव्याने उघडलं, की ब्राउझरला जुना क्रमांक आठवत नाही. तो फोनमध्ये साठवून आपणच पाठवावा लागतो.

सर्व्हरच्या पुढे एनजिनएक्स (ये-जा करणाऱ्या विनंत्या मधे हाताळणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्याचं बफरिंग, म्हणजे उत्तर साठवून मग पुढे देणं, बंद करा, नाहीतर इव्हेंट साठून एकगठ्ठा येतात. त्याचा रीड टाइमआउट मुळात 60 सेकंदांचा असतो, तेवढा वेळ सर्व्हरकडून काहीच आलं नाही तर तो कनेक्शन तोडतो. म्हणून आम्ही दर 15 सेकंदांनी नुसत्या कोलनची ओळ पाठवतो, जी ब्राउझर सोडून देतो. वेबच्या जुन्या नियमावलीवर, एचटीटीपी 1.1 वर, ब्राउझर एका डोमेनला सहाच कनेक्शन देतो, सातवा टॅब अडकतो. एचटीटीपी 2 लावलं की ही अडचण राहत नाही. इव्हेंटसोर्समध्ये टोकनसाठी (लॉगिनची ओळख पटवणाऱ्या खुणेसाठी) स्वतःचं हेडर घालता येत नाही, ब्राउझर आपोआप पाठवतो त्या कुकीवर भागवावं लागतं. हे मला अजूनही खटकतं.

ॲप बंद असेल तर एसएसईचा काही उपयोग नाही. तिथे आम्ही फायरबेस क्लाउड मेसेजिंग, म्हणजे फोनवर नोटिफिकेशन पोचवणारी गूगलची सेवा, ठेवलं आहे. त्यात मजकुराला 4096 बाइटची मर्यादा आहे, पण आम्ही तसाही फक्त रिपोर्ट क्रमांक पाठवतो. रुग्णाचं नाव लोकलच्या गर्दीत कोणाच्या लॉक स्क्रीनवर झळकता कामा नये. फोन डोझमध्ये, म्हणजे बॅटरी वाचवणाऱ्या झोपेत, गेला की साधा संदेश रेंगाळतो, त्यामुळे तातडीच्या तपासण्या हाय प्रायॉरिटीने जातात. बाकीचा तपशील ॲप उघडल्यावर एसएसई आणून देतं. लॅबची ठाण्याची शाखा आता सुरू होतेय, तिथेही मी हीच जोडी लावणार आहे.