फॉन्ट मिसिंग: फाइल कर्व्ह करायची, पीडीएफ द्यायची, पॅकेज करायची की सगळ्यांनी फॉन्टच एक ठेवायचे?

सोलापुरात डिझाइनचं काम एका टेबलावर संपत नाही. टॉवेलचं लेबल नवी पेठेतल्या खोलीत तयार होतं, त्यावरचा तेलुगू मजकूर अशोक चौकाकडचा ऑपरेटर टाइप करतो, माल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणला जातो आणि छपाई आणखी कुठेतरी. चार संगणकांवर फिरणारी फाइल एका तरी ठिकाणी अडते आणि फोन येतो, "दादा, फॉन्ट मिसिंग दाखवतंय."

चालू फाइलमध्ये, म्हणजे जिच्यात अजून दुरुस्ती करता येते त्या फाइलमध्ये, सहसा फॉन्ट नसतो, फॉन्टचं फक्त नाव असतं. समोरच्या संगणकावर त्या नावाचा फॉन्ट सापडला नाही, की सॉफ्टवेअर दुसरा कुठला तरी लावतं. अडोबीची इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन ही डिझाइनची सॉफ्टवेअरं असा मजकूर गुलाबी पट्ट्यात दाखवतात. कोरल हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर बदली फॉन्ट सुचवतं आणि तिथे घाईत कायमची बदली निवडली, तर सेव्ह केल्यावर मूळ फॉन्टचं नावही फाइलमधून जातं. नवीन मुलांना आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगतो: ती खिडकी आली की बदली तात्पुरती ठेवायची, सेव्ह करायचं नाही, आधी फोन करायचा.

वरच्या चार मार्गांतला कुठला घ्यायचा, हे एका प्रश्नावर ठरतं. पुढचा माणूस मजकुराला हात लावणार आहे, की नुसतं छापणार आहे?

नुसतं छापणार असेल, तर आपल्याकडची जुनी सवय म्हणजे "कर्व्ह करून पाठव." कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. अक्षरांचे आकार होतात, फॉन्टची गरजच उरत नाही. फ्लेक्सवाल्यांसाठी आणि लेसर कटिंगसाठी याहून खात्रीचं काही नाही. बारीक अक्षरांत मात्र फरक पडतो. लेबलवरच्या धुलाईच्या सूचना सहा पॉइंटात असतील, तर कर्व्ह केल्यावर ऑफिसच्या साध्या प्रिंटरवर त्या किंचित जाड येतात.

कर्व्हचा खरा धोका आपसात फाइल देताना आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे स्वागत फलकाचं काम होतं. रात्री नऊ वाजता गिऱ्हाइकाने दोन नावं वाढवायला सांगितली. फाइल उघडली, तर ती कर्व्ह केलेली. मूळ फाइलवरच कर्व्ह करून त्याच नावाने सेव्ह झालं होतं. एकेक नाव बघून सगळा फलक पुन्हा टाइप केला, रात्रीचे दोन वाजले, आणि सकाळी कळलं की एका आडनावाचा रफार राहून गेला. ज्याचं आडनाव चुकलं तो माणूस वर्षभर विसरत नाही. म्हणून कर्व्ह ही नेहमी वेगळ्या नावाची प्रत, तीही छपाईसाठी. सहकाऱ्याला कर्व्ह फाइल देणं म्हणजे हातात कापड न देता कापडाचा फोटो देणं.

ऑफसेटला पाठवताना माझा कल पीडीएफकडे आहे. फॉन्ट आतच बसतो, अक्षर अक्षरच राहतं, बारीक मजकूर स्वच्छ येतो. पाठवण्याआधी ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स एवढं उघडून प्रत्येक फॉन्टपुढे 'एम्बेडेड' लिहिलंय ना ते बघावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बहुतेक वेळा पीडीएफमध्ये फॉन्टमधली वापरलेली अक्षरंच जातात. त्यामुळे छापखान्यात शेवटच्या क्षणी भाव बदलायचा झाला, तर तिथे तो फॉन्ट बसवलेला लागतोच. पीडीएफ छापायला द्यावी, दुरुस्तीला देऊ नये.

दुरुस्ती होणार असेल, तर पॅकेज. इनडिझाइन आणि इलस्ट्रेटरमध्ये पॅकेज, कोरलमध्ये 'कलेक्ट फॉर आउटपुट'. फाइल, चित्रं आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये जमा होतात. इनडिझाइनची सोय तर फारच चांगली: फाइलशेजारी 'डॉक्युमेंट फॉन्ट्स' नावाचा फोल्डर असला, की ते फॉन्ट संगणकावर न बसवताही त्या फाइलपुरते चालतात. अट एकच, अख्खा फोल्डर झिप करून द्यायचा. आपल्याकडे लोक त्यातली एकच फाइल उचलून व्हॉट्सॲपवर टाकतात आणि मग पुन्हा तोच फोन येतो.

पॅकेजला मर्यादाही आहेत. अडोबी फॉन्ट्स या ऑनलाइन सेवेतून चालू केलेले फॉन्ट पॅकेजमध्ये येत नाहीत. समोरच्याकडे क्रिएटिव्ह क्लाउडचं खातं असेल तर ते तिथे आपोआप चालू होतात, नसेल तर नाही. आणि विकत घेतलेल्या फॉन्टची प्रत दुसऱ्याला देण्याची मुभा बहुतेक परवान्यांत नसते. फॉन्ट घडवायला माणसाची वर्षं जातात. ते काम फुकट वाटून टाकणं बरोबर नाही.

आता चौथा मार्ग. रोज एकमेकांना फायली देणाऱ्या टोळीसाठी मला हाच सगळ्यांत पटतो. सगळ्यांनी बसून मुक्त परवान्याचे मोजके फॉन्ट ठरवायचे आणि प्रत्येक संगणकावर त्याच प्रती बसवायच्या. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त' हा फॉन्ट सात वजनांत, म्हणजे बारीक ते ठळक अशा सात जाडींत मिळतो, लेबलपासून पत्रकापर्यंत चालतो. सोलापूरला तर 'बालू' हे फॉन्टचं कुटुंब अगदी सोयीचं आहे: देवनागरीसाठी बालू, तेलुगूसाठी बालू तम्मुडू, कन्नडसाठी बालू तम्मा. एकाच पाटीवर तीन लिप्या आल्या तरी त्या एका घरच्या वाटतात. यांचा ओपन फॉन्ट परवाना प्रत करून द्यायला, फाइलसोबत पाठवायला परवानगी देतो, म्हणजे पॅकेज करतानाही मनात शंका राहत नाही.

त्याच प्रती हे मी मुद्दाम म्हणतोय. 'मुक्त' फॉन्ट आधी 'एक मुक्त' नावाने यायचा. जुनी फाइल तेच नाव मागते आणि नवा फॉन्ट असूनही मिसिंग म्हणते. बालू आणि बालू २ यांचंही तसंच. एकाकडे वेगवेगळ्या वजनांच्या फायली आणि दुसऱ्याकडे सगळी वजनं सामावणारी एकच व्हेरिएबल फाइल असेल, तरी गोंधळ होतो. शिवाय विंडोज १० च्या २०१८ मधल्या बदलानंतर नुसतं 'इन्स्टॉल' दाबलं की फॉन्ट त्या एका वापरकर्त्यापुरता बसतो आणि काही जुन्या सॉफ्टवेअरना तो दिसतच नाही. उजवी कळ दाबून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडावं.

कधी फॉन्ट असतो, तरी वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षर फुटतं. तो दोष फॉन्टचा नाही. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करून परिच्छेदाला साउथ एशियन कंपोझर, म्हणजे भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय, लावावा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर. आणि बदली फॉन्ट लागलाय का, हे पटकन ओळखायचं असेल तर ल आणि श बघावेत. मराठी वळणाचे ल-श अचानक हिंदी वळणाचे झाले, तर फॉन्ट बदललाय.

राहिला जुन्या फॉन्टचा प्रश्न, आणि सोलापुरात तो मोठा आहे, कारण वर्षानुवर्षांची लेबलं श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे युनिकोडचा फॉन्ट हरवला तर रूप बिघडतं, मजकूर शाबूत राहतो. जुन्या फॉन्टमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी बसवलेली असते. फॉन्ट गेला की 'सोलापुरी चादर'च्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमिड उरते आणि ती कुणालाच वाचता येत नाही. भरीला अडोबीने जानेवारी २०२३ पासून टाइप १ या जुन्या पद्धतीच्या फॉन्टचा आधार काढून घेतला, त्यामुळे त्या जातीचे फॉन्ट हाताशी असले तरी नव्या इलस्ट्रेटर-इनडिझाइनमध्ये चालत नाहीत.

अशा फायली एका दमात बदलायच्या मागे आम्ही लागलो नाही. एक जुना संगणक जुन्या फॉन्टसकट तसाच ठेवलाय, त्याला नवीन काही बसवायचं नाही. जुन्या लेबलची पुन्हा ऑर्डर आली, की फाइल तिथे उघडायची, बघायला पीडीएफ काढायची, मजकूर रूपांतर करून युनिकोडमध्ये घ्यायचा आणि दोघांनी मिळून पडताळायचा, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून बघायचं. रूपांतरात रफार आणि अर्धी अक्षरं हमखास निसटतात, म्हणून वाचणारा तिथे थांबतो.