एन्लार्जरच्या नावाखाली सिलिंगचा दिवा

गेल्या उन्हाळ्यात माझे 14,500 रुपये बुडाले. पैशापेक्षा जास्त चुटपुट लागली ती मल्टिग्रेड पेपरच्या, म्हणजे फोटो छापायच्या कागदाच्या, जवळजवळ अख्ख्या पाकिटाची. आणि माझ्या अकलेची.

लातूरला गंजगोलाईजवळ अण्णांचा स्टुडिओ होता. ते गेल्यावर शटर कायमचं खाली ओढलं, पण डार्करूमचं सामान घरी आणून ठेवलं. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हमधून उजेड पाडून कागदावर मोठा फोटो उमटवणारं यंत्र, मेओप्टा कंपनीचा, चेकोस्लोव्हाकियात बनलेला. आत 75 वॅटचा दुधी ओपल बल्ब, पिनेचा नाही, आट्याचा. हा बल्ब आता दुकानात मिळत नाही. माझ्याकडे दोनच उरलेत, त्यातला एक काळवंडलेला. त्यात आमच्याकडचं व्होल्टेज. ते 10 टक्के पडलं की अशा बल्बचा उजेड जवळजवळ 30 टक्के पडतो. संध्याकाळी सात वाजता उजेड किती सेकंद द्यायचा हे ठरवायला टेस्ट स्ट्रिप काढावी, साडेसातला प्रिंट करावी, तर ती भलतीच. अण्णा महत्त्वाचं काम रात्री बारानंतर करायचे, ते उगाच नाही.

घाईला कारण होतं. औसा तालुक्यातले एक गृहस्थ आले. त्यांच्या आजोबांचा एकुलता एक फोटो अण्णांनी कुठल्याशा लग्नात काढलेला. घरातली प्रत 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात घराबरोबरच गाडली गेली, निगेटिव्ह मात्र आमच्या पत्र्याच्या डब्यात सापडली. म्हटलं, याचं प्रिंट नीट झालं पाहिजे. एलईडी लावली की व्होल्टेजची कटकट संपेल.

जुने कॅमेरे विकणाऱ्या एकाचा नंबर ओळखीच्याने दिला. (नंतर कळलं, त्या ओळखीच्याने त्याच्याकडून कधी काही घेतलंच नव्हतं, नुसती जाहिरात पाहिली होती.) माणूस बोलायला फार गोड. "सर, खास एन्लार्जरसाठीच बनवतो, मल्टिग्रेडला एकदम परफेक्ट." सुंदर प्रिंटांचे फोटो पाठवले. मी म्हणालो, हा दिवा चालू-बंद करतानाचा एक व्हिडिओ पाठवा. तर म्हणाला, "सर, शेवटचा पीस आहे, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय." मी यूपीआयवरून सगळी रक्कम एकदम टाकली. अण्णा असते तर थोबाडीत ठेवून दिली असती.

पार्सल आलं. काळी गोल चकती, बल्बचं होल्डर काढून कंडेन्सरच्या, म्हणजे उजेड एकवटणाऱ्या भिंगांच्या, वर ठेवायची. दिसायला झकास. एक्स्पोजर 12 सेकंदांवरून 50 वर गेलं, तेही मी चालवून घेतलं. मल्टिग्रेड पेपर निळ्या उजेडाला कडक (काळं-पांढरं ठळक) आणि हिरव्याला मऊ उतरतो, ते रंगीत फिल्टर लावून ठरवायचं. फिल्टरचे आकडे जुन्या तारेच्या बल्बवर ठरलेले, पांढऱ्या एलईडीत रंगांचं प्रमाण वेगळं. तेव्हा आकडे जुळणार नाहीत हे मला माहीत होतं. पण पांढरं पांढरंच येईना. आजोबांचं धोतर, फेटा, सगळ्यावर राखेसारखी झाक.

आता माणूस काय करतो? स्वतःलाच दोष देतो. डेव्हलपर नवीन केला. प्रिंट पक्कं करणारा हायपो बदलला. मे महिना, म्हणून ट्रेखाली बर्फ ठेवून तापमान 20 अंशांवर आणलं. सेफलाइटवर, म्हणजे डार्करूमच्या लाल दिव्यावर, लाल कागदाचा आणखी एक थर चढवला. अकरा दिवस गेले. शेवटी सेफलाइटही बंद करून, एन्लार्जर "बंद" असताना, पेपर खाली ठेवला, त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि मिट्ट काळोखात पाच मिनिटं बसून राहिलो. डोळे सरावले तशी बेसबोर्डवर हाताची बोटं मोजता यायला लागली. अमावास्येच्या रात्री दूरच्या गावाचा उजेड दिसावा तितकाच उजेड, पण होता. वर पाहिलं तर बंद दिवा मिणमिणत होता. पेपर धुतला, तर राखाडी चौकोनात नाण्याचा गोल पांढराशुभ्र.

एन्लार्जरचा दिवा चालू-बंद करणारा आमचा टायमर फेज नाही, न्यूट्रल तोडतो, म्हणजे बंद असतानाही दिव्यापर्यंत वीज पोचलेली असते. जुन्या वायरिंगमधून झिरपणाऱ्या चिमूटभर करंटने तारेचा बल्ब कधी पेटत नाही, स्वस्त एलईडीला मात्र तेवढं पुरतं.

वायरिंगचं काम करणाऱ्या भाच्याने चकती उघडली. बाजूला दोन जागी एम-सील भरलेलं, वरून काळा रंग. नखाने खरवडलं तर खाली स्प्रिंगच्या क्लिपांची भोकं. पाठीमागचं लेबल पॉलिश पेपरने घासलेलं, तरी वॅटचा आकडा अर्धा वाचता येत होता. भाचा हसायलाच लागला, "मामा, हे फॉल सिलिंगचं पॅनल हाय. गोलाईत साडेतीनशेला मिळतं."

फोन केला तर उत्तर, "सर, तुमच्या घराची वायरिंग खराब आहे." पॅनलचं विचारलं तसा नंबर ब्लॉक. मग बिल नीट पाहिलं. पत्ता पुण्याचा, जीएसटी नंबर मात्र 07 ने सुरू. महाराष्ट्राचे नंबर 27 ने सुरू होतात, 07 म्हणजे दिल्ली. हे पैसे टाकण्याआधी दोन मिनिटांत दिसलं असतं, पण बिल मागितलंच पैसे टाकल्यावर.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन लावला. तिथे पहिला प्रश्न, पैसे कधी गेले? मी बारा दिवस म्हणालो तेव्हा पलीकडच्या बाईंचा आवाजच उतरला. लगेच कळवलं असतं तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची आशा असते. आता खातं रिकामं. सायबरच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही अर्ज टाकतोय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने विकणारा कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पत्ताच खोटा असेल तर नोटीस कुणाला बजावणार, हा प्रश्न वकील मित्राने विचारलाय. माझ्याकडे उत्तर नाही.

आजोबांचं प्रिंट झालं. उरलेला चांगला बल्ब लावला, मध्ये स्टॅबिलायझर टाकला, रात्री एक वाजता. फेटा पांढरा आला.

कुणाच्या माळ्यावर 75 वॅटचा आट्याचा ओपल बल्ब पडून असेल तर जरूर कळवा. फक्त आधी माझ्यासमोर पेटवून, विझवून दाखवा, पैसे मग.