लाइट गेली की साउंडबार मुका! दिवाळीपासून वापरल्यानंतरचा अनुभव

आवाजाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हे आधीच सांगतो. तक्रार आहे ती लाइट जाऊन आल्यावर हा बार जे करायचा त्याची, आणि त्याहून जास्त सर्व्हिस सेंटरची. २.१ (दोन स्पीकर आणि खालच्या आवाजाचा एक वूफर), वायरलेस वूफर, एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने बारकडे नेणारी जोडणी), ऑप्टिकल (तेच काम उजेडाने करणारी केबल), ब्लूटूथ हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, त्यात शिरत नाही.

दिवाळीत घेतला, उन्हाळ्यापर्यंत सुरळीत चालला. मग वळवाचे पाऊस सुरू झाले. आमच्या मिरजेत जोराचा वारा सुटला की लाइट जाते, तासाभराने येते. लाइट आली, टीव्ही लावला, की आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून. बार निळा दिवा लावून ब्लूटूथवर बसलेला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन एआरसी निवडावं तर तो पर्यायच पुसट झालेला. दहा-पंधरा मिनिटं वायरी काढ-घाल केल्यावर कधी लागायचा, कधी नाही. आईची साडेसातची मालिका तोवर अर्धी व्हायची. तिला आता कमी ऐकू येतं आणि बार घेतला तोच मुळात तिच्यासाठी.

कस्टमर केअरने फोनवर सांगितलं, केबल बदला. शेजाऱ्यांची चालू केबल आणून लावली, फरक शून्य. मग बार काखोटीला मारून सांगलीला त्यांच्या सेंटरवर नेला. तिथल्या टीव्हीला लावला, पहिल्या फटक्यात वाजला. ‘सर, बार ओके आहे, दोष तुमच्या टीव्हीत.’ टीव्हीवाल्यांचा माणूस घरी आला, व्हिजिट चार्ज घेतला आणि म्हणाला, बारचा पोर्ट गेलाय. परत सांगली. या वेळी उत्तर आलं, ‘बोर्ड बदलावं लागेल. व्होल्टेजमुळे गेलंय, वॉरंटीत बसणार नाही.’ बोर्डाची किंमत बारच्या निम्म्याच्या आसपास! मी विचारलं, ‘अहो दादा, बोर्ड गेलंय तर आत्ता तुमच्यासमोर वाजतंय कसं?’ त्यावर उत्तर नाही, फक्त एस्टिमेटचा कागद पुढे सरकवला. मी सही केली नाही. चालू वस्तूचं बोर्ड बदलायला पैसे झाडाला लागलेले नाहीत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुने टीव्ही दुरुस्त करणारे एक काका बसतात. ते घरी आले. रिमोटला हातही न लावता आधी टीव्हीच्या मागे वाकले आणि विचारलं, ‘बारचा प्लग कुठल्या लायनीवर आहे?’

इन्व्हर्टरच्या! कंपनीचा माणूस बसवायला आला होता, त्याने राउटरशेजारचं मोकळं सॉकेट बघून प्लग तिथे खोचला होता. ते सॉकेट इन्व्हर्टरवर, टीव्ही मात्र मेन लायनीवर. म्हणजे लाइट गेली की टीव्ही मरायचा आणि बार जिवंत राहायचा.

यात बिघडतं काय, ते काकांनी समजावलं. एआरसीवर आवाज टीव्हीकडून बारकडे जातो, पण त्याआधी दोघांची ओळख पटावी लागते. ती बोलणी सीईसी नावाच्या एका तारेवर होतात, एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १३ नंबरची. सेट-टॉप बॉक्स, टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक, बार, सगळ्यांना मिळून ही एकच तार. लाइट आल्यावर टीव्हीला पूर्ण जागं व्हायला मिनिटभर लागतं. माझा बार मात्र चालूच असल्यामुळे जुनीच ओळख धरून बसायचा, नव्याने हाक द्यायचाच नाही. टीव्हीला वाटायचं, बाहेर कुणी नाही, आपलाच स्पीकर लावा.

उपाय? बार आणि टीव्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. कुठे अडलंच तर बोर्डाचं बटण बंद, दोन मिनिटं थांबायचं, मग चालू. स्टिकचं सीईसीही काकांनी बंद करून दिलं, म्हणजे त्या तारेवर एक तोंड कमी. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, लाइट कितीदा गेली त्याला हिशोब नाही, पण बार एकदाही हरवला नाही. काकांनी जे घेतलं त्यात व्हिजिट चार्जसुद्धा निघाला नसता. ‘प्लग कुठे आहे’ हा एक प्रश्न दोन कंपन्यांच्या एकाही माणसाला सुचू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

मे महिन्यात मी याला दोन स्टार देणार होतो. आता बारला चार देतो. सर्व्हिसला एकही नाही.

मधल्या काळात ऑप्टिकलही वापरून पाहिलं. केबल स्वस्त मिळते (टोकांवरची प्लास्टिकची टोपणं काढायची, आत लाल उजेड दिसला की समजा टीव्हीकडून सिग्नल येतोय). तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही जोडणी अजून टिकून आहे, कारण तिला ओळख-पाळख लागत नाही. टीव्ही उजेड सोडतो, बार वाचतो. पण त्यातून फक्त आवाज जातो, हुकूम जात नाही. त्यामुळे टीव्हीच्या रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होईना. आईला दोन रिमोट जमेनात, म्हणून परत एआरसी. घरात एकच जण टीव्ही बघत असेल तर ऑप्टिकल लावा आणि निवांत राहा.

आणखी एक. चॅनेल बदलताना सेकंदभर आवाज तुटत असेल तर टीव्हीचं डिजिटल आउटपुट ‘ऑटो’वरून पीसीएमवर (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) टाका. एका चॅनेलवर डॉल्बी, दुसऱ्यावर साधा स्टिरिओ, अशी अदलाबदल झाली की बार दर वेळी अडखळतो. २.१ बारला पीसीएममुळे फार काही गमवावं लागत नाही. ५.१ असेल तर मात्र हे करू नका. साध्या एआरसीवर पीसीएम म्हणजे डावा-उजवा असे दोनच आवाज, बाकीच्या स्पीकरांना वेगळं काही मिळत नाही.

आता ज्याने मला रोज छळलं ते. या बारला डिस्प्ले नाही. एक दिवा. पांढरा म्हणजे टीव्ही, हिरवा ऑप्टिकल, निळा ब्लूटूथ. आवाज वाढवला तरी तोच दिवा लुकलुकतो, कमी केला तरी तोच. बास किती ठेवलाय, नाइट मोड चालू आहे की बंद, कळायला काही मार्ग नाही. एवढे पैसे मोजल्यावर दोन आकडे दाखवणारी पट्टी देता येत नाही? यासाठी पूर्ण एक स्टार कापलाय आणि तो परत मिळणार नाही. दुकानात वाजवून बघताना आवाजाआधी डिस्प्ले बघा.

आवाजाचं म्हणाल तर मिरजेत तंबोऱ्यावरच पारख होते. टीव्हीच्या स्पीकरवर तंबोरा म्हणजे नुसती झणझण. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते, टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरांना ते झेपत नाही. वूफरमुळे तो खर्ज पहिल्यांदा घरात ऐकू आला. पण वूफर सोफ्याशेजारी कोपऱ्यात होता तेव्हा खर्ज एकीकडून आणि जोडीच्या तारा समोरून, असा तंबोरा फाटल्यासारखा वाटायचा. वूफर टीव्हीच्या टेबलाशेजारी, भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि चारही तारा एका जागेवरून यायला लागल्या. ‘वायरलेस आहे, कुठेही ठेवा’ असं विक्रेता सांगेल. ऐकू नका.

दिवाळीला वॉरंटी संपते. एक्स्टेंडेड वॉरंटीसाठी कंपनीचे फोन सुरू झालेत. ती घेणार नाही. काही झालंच तर काकांचं दुकान आहे.